हाडांवरच्या तारखा

१९७३ सालची फौजदारी प्रक्रिया संहिता आपल्याकडे जून २०२४ अखेरपर्यंत लागू होती. तिच्या ३९ व्या कलमात एक यादी आहे. कोणते गुन्हे घडल्याचं किंवा कोणी ते करणार असल्याचं समजलं, तर सामान्य नागरिकाने दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवलंच पाहिजे, याची ती यादी. खून आहे, दरोडा आहे, सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं आहे. रात्रीची घरफोडी आहे, विकायच्या अन्नात केलेली भेसळ आहे, खोट्या नोटा छापणं आहे. १९९३ मध्ये खंडणीसाठी केलेलं अपहरणही त्यात घातलं गेलं. बलात्कार मात्र त्या यादीत नाही. मुलाला जीव न जाईल इतपत रोज मारणं, चटके देणं, उपाशी कोंडून ठेवणं, तेही नाही. म्हणजे शेजारचा माणूस दुधात भेसळ करतो हे समजलं तर सांगणं बंधनकारक, आणि तोच माणूस घरातल्या मुलाचे हाल करतो हे समजलं तर सांगा किंवा सांगू नका, तुमची मर्जी.

ही यादी करणारे लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. घराच्या चार भिंतींच्या आत आईबाप मुलांशी कसे वागतात हा सरकारचा विषय नव्हे, असं जगभरातले कायदे शतकानुशतकं मानत आले. त्यामुळे 'मला संशय आला, म्हणून मी कळवतो' असं म्हणण्याची जबाबदारी एखाद्या डॉक्टरवर, शिक्षकावर, परिचारिकेवर टाकणारे कायदे फार अलीकडचे आहेत. अमेरिकेत १९६३ पासून, आपल्याकडे खऱ्या अर्थाने २०१२ पासून. त्याआधी लोकांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. दिसण्यापासून कळवण्यापर्यंत यायला वैद्यकाला शंभर वर्षं का लागली, हा या लेखाचा विषय आहे.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याच्या व्यवसायातून आला. तेवीस वर्षं मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम केलं. त्यातली सुरुवातीची वर्षं डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवून हाड उमटायची वाट पाहण्यात गेली. वैद्यकाचा इतिहास मी कोणत्या विद्यापीठात शिकलो नाही. जुनी नियतकालिकं, ग्रंथालयांनी रद्दीत काढलेली पाठ्यपुस्तकं आणि पुढे संगणकावर उपलब्ध झालेले अंक वाचत गेलो. त्या वाचनात जॉन कॅफी हे नाव आलं, आणि त्यांचा १९४६ सालचा एक निबंध वाचताना थबकलो. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी पॅरिसला जायला हवं.

ऑग्युस्त आम्ब्रुआज तार्दिय हे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचे सर्वात नावाजलेले न्यायवैद्यकतज्ज्ञ. १८६० मध्ये त्यांनी मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात ३२ मुलांच्या हकिकती आहेत. त्यांपैकी १८ मुलं मेलेली. मारहाण, चटके, उपासमार, कोंडून ठेवणं; आणि हे करणारे बहुतेक वेळा खुद्द आईवडील. वळ कसे दिसतात, पडून झालेली जखम आणि मारून झालेली जखम यांत फरक काय, आईबाप सांगतात ती गोष्ट शरीरावरच्या खुणांशी कशी जुळत नाही, हे सगळं तार्दिय यांनी मांडलेलं आहे. आज बालरोगाच्या पुस्तकात जे शिकवतात त्याचा बराचसा भाग तिथे आहे.

पण तार्दिय यांच्याकडे ही मुलं येत ती न्यायालयामार्फत. गुन्हा आधीच उघडकीला आलेला असे. त्यांनी फक्त तपासायचं. ज्या गल्लीतल्या डॉक्टरने हेच मूल दोन वर्षं आधी पाहिलं असेल, त्याचे हात बांधलेले होते. १८१० च्या फ्रेंच दंडसंहितेतलं ३७८ वं कलम रुग्णाचं गुपित फोडणाऱ्या डॉक्टरला तुरुंगात पाठवत असे. हे कलम वाईट नव्हतं. रुग्णाने डॉक्टरशी मोकळेपणाने बोलावं म्हणून ते होतं. फक्त रुग्ण जर सात महिन्यांचा असेल, तर हे गुपित नेमकं कोणाचं, मुलाचं की त्याला घेऊन आलेल्या बापाचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. फ्रेंच वैद्यकाने तार्दिय यांचं बोट धरूनही ठेवलं नाही. १८८० मध्ये आल्फ्रेद फूर्निए या बड्या तज्ज्ञाने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी मुलांकडून कशा बनवून घेतल्या जातात यावर निबंध वाचला, आणि पुढची पिढी मुलांच्या खरेपणापेक्षा त्यांच्या खोटेपणाचाच अभ्यास करण्यात रमली.

इंग्लंडमधलं एक उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण त्यात कसलाही वाईट हेतू नाही. १८८८ मध्ये सॅम्युअल वेस्ट या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या अनेक तान्ह्या मुलांच्या हाडांवर आलेल्या सुजेची नोंद 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापली. एका घरात, एकामागून एक मूल, प्रत्येकाच्या हाडांना सूज. वेस्ट यांचा निष्कर्ष : बहुधा मुडदूस. त्या काळच्या लंडनमध्ये मुडदूस घरोघरी होता, तेव्हा निदान असमंजस म्हणता येत नाही. पण जो आजार माहीत आहे तोच डोळ्यांना दिसतो.

न्यूयॉर्कच्या मेरी एलनची गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. १८७३ च्या अखेरीस एटा व्हीलर या मिशनच्या कार्यकर्तीला शेजाऱ्यांकडून एका मुलीच्या छळाविषयी समजलं. कोणी दाद देईना, म्हणून ती प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली, आणि 'मूल हासुद्धा प्राणीच आहे' असा युक्तिवाद करून मुलीला सोडवलं, असं सांगितलं जातं. गोष्ट चटकदार आहे, पण युक्तिवादाचा भाग खरा नाही. बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी बेकायदा ताब्यात असलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याच्या नेहमीच्या कायद्याचाच आधार घेतला. मुलीला सांभाळणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली आणि मुलांसाठी वेगळी संस्था निघाली. लक्षात घेण्यासारखं असं की या साऱ्या प्रकरणात आधी डोळे उघडे ठेवले ते शेजाऱ्यांनी आणि एका फिरत्या कार्यकर्तीने. डॉक्टर त्या हकिकतीत कुठेच नाही.

आपल्याकडे मात्र त्याच सुमाराला डॉक्टरांनी कळवल्याचा एक ठळक प्रसंग आहे, आणि तो या इतिहासात सहसा मोजला जात नाही. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. प्रौढ नवऱ्याच्या संगामुळे ती मेली होती. संमतिवयाची मर्यादा तेव्हा दहा वर्षं, त्यामुळे बलात्काराचा आरोप लागूच शकला नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी भारतात काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे एक निवेदन पाठवलं. पुढाकार लखनौच्या डॉ. मोनेल मॅन्सेल यांचा. निवेदनात त्यांनी १३ मुलींच्या हकिकती दिल्या होत्या : कोणाचा मृत्यू, कोणाला जन्माचं पंगुत्व. मुंबईच्या कामा इस्पितळात काम केलेल्या डॉ. एडिथ पेची यांनीही त्याच वर्षी मुंबईत बालविवाहावर जाहीर व्याख्यान दिलं. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवय बारा करणारा कायदा झाला. पुण्यात त्यावरून किती रण माजलं, टिळकांची भूमिका काय होती, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

मला त्या १३ हकिकतींचा वेगळा विचार करावासा वाटतो. यातली प्रत्येक मुलगी कोणत्या तरी दवाखान्यात, कोणत्या तरी डॉक्टरीणबाईंच्या समोर, एकेकटी आलेली होती. तेव्हा त्यांनी मलमपट्टी करून तिला परत पाठवलं, कारण दुसरं काही करायला जागाच नव्हती. एका मुलीविषयी कोणाला कळवायचं? काय म्हणून? नवरा कायद्याने तिचा नवराच होता. तेरा जणींची मिळून यादी झाली तेव्हा ती थेट व्हाइसरॉयकडे जाऊ शकली. एकीसाठी गावच्या फौजदाराकडे जाण्याची वाट नव्हती.

आता कॅफी. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले, आणि जॉन कॅफी जन्मले तेही १८९५ मध्येच. शिक्षणाने बालरोगतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये क्ष-किरण विभाग त्यांच्या गळ्यात पडला, तेव्हा ते शास्त्र ते स्वतःच शिकले. (माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक वाटतं, हे वाचकाने समजून घ्यावं.) १९४५ मध्ये त्यांनी बालकांच्या क्ष-किरण निदानावर ग्रंथ लिहिला. पुढच्या वर्षी आला तो निबंध. विषय : मेंदूच्या आवरणाखाली जुना रक्तस्राव झालेल्या तान्ह्या मुलांच्या लांब हाडांमधले अस्थिभंग. मुलं सहा. त्या सहा मुलांमध्ये मिळून २३ अस्थिभंग.

तान्ह्या मुलाच्या हाडाची फिल्म वाचणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण सारा इतिहास त्यावर उभा आहे. नुकतंच मोडलेलं हाड फिल्मवर काळ्या रेघेसारखं, तीक्ष्ण कडांचं दिसतं. आठवडा-दहा दिवस गेले की तान्ह्या मुलात हाडाच्या बाजूने एक बारीक पांढरी रेघ उमटू लागते. ते नवं हाड. मग मोडलेल्या जागी धूसर ढगासारखा गोळा होतो, तो काही आठवड्यांत घट्ट होतो, आणि पुढच्या काही महिन्यांत हाड आपला मूळ आकार जवळजवळ परत घेतं. म्हणजे प्रत्येक अस्थिभंगावर ढोबळ तारीख असते. एकाच मुलाच्या एकाच दिवशी काढलेल्या फिल्मवर मांडीला काळी तीक्ष्ण रेघ, दंडाला ढग आणि बरगड्यांवर घट्ट गाठी दिसल्या, तर ते एका पडण्याचं काम नव्हे. तीन वेगवेगळ्या दिवशी काहीतरी घडलेलं आहे. शिवाय हाडाच्या टोकाशी, जिथून ते वाढतं तिथे, टवका उडाल्यासारखी एक खूण असते. पाळण्यातून पडून ती सहसा होत नाही. ती होते हात किंवा पाय धरून पिरगळल्याने, हिसडल्याने. जे मूल अजून पालथंसुद्धा पडत नाही, त्याच्या हाडात ही खूण स्वतःहून उमटायचं कारण नाही.

कॅफी यांना हे सारं दिसलं. मुडदूस नाही, स्कर्व्ही नाही, हाडं मुळात ठिसूळ असल्याचा पुरावा नाही, हे त्यांनी एकेक करून बाजूला काढलं. हे अस्थिभंग इजेमुळेच झालेले दिसतात, हेही लिहिलं. इजा कशी झाली, हे मात्र अस्पष्ट राहतं, असं म्हणून ते थांबले. एका मुलाच्या बाबतीत त्यांनी नोंदवलं आहे की ते दोन्ही पालकांना नकोसं होतं, त्यामुळे हेतुपुरस्सर छळाची शंका येते. पण ती सिद्ध किंवा असिद्ध करण्याइतका पुरावा नाही. एवढ्या एका वाक्यावर निबंधाने तो विषय सोडला.

याला भित्रेपणा म्हणावं का? काही अभ्यासक म्हणतात. मी इतका कठोर होणार नाही. क्ष-किरणतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत बसतो. त्याच्यासमोर मूल नसतं, आई नसते, फक्त सावल्या असतात. सावलीवरून 'या घरात कोणीतरी मुलाला पिरगळतं' असं लिहिणं म्हणजे एका माणसावर गुन्ह्याचा आरोप करणं. तो सिद्ध झाला नाही तर बदनामीचा दावा, आणि सिद्ध करण्याची साधनं डॉक्टरकडे नसतात. अडचण डोळ्यांची नव्हती. डॉक्टरपुढे दोनच पर्याय होते : खात्री असेल तर आरोप, नसेल तर मौन. मधली पायरीच अस्तित्वात नव्हती.

त्यानंतरची वर्षं ही पायरी हळूहळू बांधण्यात गेली. कॅफी यांच्या हाताखाली शिकलेले फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी १९५३ मध्ये स्पष्ट लिहिलं की या इजा ओळखल्या न गेलेल्या मारानेच होतात, आणि पालक ते सांगत नाहीत किंवा कित्येकदा त्यांना स्वतःलाही उमगलेलं नसतं. १९५५ मध्ये डेट्रॉइटचे वूली आणि इव्हान्स यांनी आणखी एक साधी गोष्ट पाहिली : अशी मुलं घरातून हलवली की त्यांच्या हाडांत नव्या इजा होत नाहीत. आजार हाडांत असता तर तो मुलासोबत गेला असता. तो घरातच राहिला.

या साऱ्याला नाव मिळालं ते सी. हेन्री केंप यांच्यामुळे. केंप हे ब्रेस्लाऊ शहरात जन्मलेले ज्यू. नाझी जर्मनीतून किशोरवयात बाहेर पडले, अमेरिकेत डॉक्टर झाले, आणि चौतिसाव्या वर्षी डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात बालरोग विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी इस्पितळांकडून एका वर्षातली माहिती मागवली, ७१ इस्पितळांनी उत्तर दिलं. ३०२ मुलं निघाली. त्यांतली ३३ मेलेली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. ७७ सरकारी वकिलांकडून माहिती मागवली, तर आणखी ४४७. ७ जुलै १९६२ च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सिल्व्हरमन आणि इतर तीन सहकाऱ्यांसह त्यांनी निबंध छापला : 'द बॅटर्ड-चाइल्ड सिंड्रोम'. 'बॅटर्ड' हा शब्द अंगावर येणारा आहे, आणि तो तसा यावा म्हणूनच निवडलेला होता. तितकाच महत्त्वाचा 'सिंड्रोम' हा शब्द. त्यामुळे एरवीचा गुन्हा डॉक्टरच्या वहीत निदान म्हणून लिहिता येऊ लागला. डॉक्टरला पोलिसाची भूमिका नकोशी वाटते, आईबाप असं करतील यावर विश्वास ठेवायला त्याचं मन तयार होत नाही, हेही त्या निबंधात आडपडदा न ठेवता लिहिलेलं आहे.

केंप यांच्या चरित्रातला एक धागा आपल्याकडे येतो. मुलांच्या छळाकडे वळण्याआधी आणि त्यानंतरही ते देवीच्या रोगाचे संशोधक होते, आणि त्यासाठी त्यांनी मद्रासच्या संसर्गजन्य रोगांच्या इस्पितळात डॉ. ए. रामचंद्र राव यांच्यासोबत काम केलं होतं. माझा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. देवीच्या साथीत काम केलेल्या डॉक्टरला 'कळवणं' ही गोष्ट परकी नसते. पुरळ पाहिलं, संशय आला, की तो खात्री होईपर्यंत थांबत नाही. तो आरोग्य खात्याला कळवतो. खात्री करणं हे पुढच्या माणसाचं काम. कळवणं म्हणजे दोषारोप नव्हे, कोणीतरी येऊन पाहावं अशी मागणी. हाच विचार छळाच्या बाबतीत लावला की कॅफी यांना न सापडलेली मधली पायरी समोर येते.

पण साथीच्या कायद्याची दुसरी बाजूही आपल्याला चांगली माहीत आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घराघरांत शिरले. खबर दिली की माणूस सेग्रिगेशन कॅम्पात जातो आणि घराची उलथापालथ होते, हे कळल्यावर लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, मढी घरात पुरली. जूनमध्ये रँडचा खून झाला. खबर दिल्यावर जे येतं ते रोगापेक्षा भयंकर वाटलं, तर कायदा कितीही कडक असो, खबर येत नाही. मुलांच्या बाबतीतल्या सगळ्या कायद्यांना पुढे याच अनुभवातून जावं लागलं.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ब्यूरोने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला, आणि १९६७ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. बालकल्याणाच्या क्षेत्रात इतक्या झपाट्याने पसरलेला दुसरा कायदा सांगणं कठीण. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे, डॉक्टरला 'माहीत असेल तर' असं नव्हे, तर 'संशय घ्यायला रास्त कारण असेल तर' कळवायचं होतं. सद्भावनेने कळवलं आणि ते चूक निघालं, तर त्याच्यावर दावा चालणार नव्हता. डॉक्टर-रुग्ण गोपनीयतेची सबब चालणार नव्हती. म्हणजे ३७८ व्या कलमातला प्रश्न इथे सुटला : गुपित मुलाचं आहे. पुढे यादीत शिक्षक, परिचारिका, समाजसेवक आले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अकरा महिन्यांच्या एका मुलीचं प्रकरण आलं. पायाचं हाड पिरगळून मोडलेलं, अंगावर वळ. इस्पितळाने पायावर उपचार करून तिला घरी पाठवलं. बाकीच्या हाडांची फिल्म काढली असती तर कवटीचा अस्थिभंगही दिसला असता, असं तक्रारीत म्हटलेलं. काही आठवड्यांनी ती याहून गंभीर जखमांसह दुसऱ्या इस्पितळात आली आणि तिथे निदान लगेच झालं. न ओळखल्याबद्दल आणि न कळवल्याबद्दल डॉक्टरवर नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो, असं न्यायालयाने ठरवलं.

आकडेही पाहावेत. १९७४ मध्ये अमेरिकेत अशा सुमारे ६०,००० तक्रारी नोंदल्या गेल्या. १९८० मध्ये दहा लाखांहून अधिक. १९९० मध्ये वीस लाखांहून अधिक. यातल्या किती खऱ्या, आणि किती घरांमध्ये विनाकारण सरकार शिरलं, हा वाद तिथे आजही धगधगतो. इंग्लंडचे मेंदूशल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी १९७१ मध्ये लिहिलं होतं की तान्ह्या मुलाला जोराने हलवल्यानेही मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊ शकतो. त्याच गथकेल्च यांनी उतारवयात, २०१२ मध्ये, आपल्या निरीक्षणाचा न्यायालयांत सरसकट पुराव्यासारखा वापर होतो याबद्दल चिंता व्यक्त केली. संशयावरून दार ठोठावणं वेगळं आणि संशयावरून शिक्षा ठोठावणं वेगळं, ही रेघ पुसली गेली की कायद्याचा पायाच हलतो.

भारतात या विचाराची पहिली पावलं गोव्यात दिसतात. १९९१ मध्ये मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला अटक झाली. त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रं सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २००३ च्या गोवा बाल कायद्यात फोटो डेव्हलप करणाऱ्यांवर एक जबाबदारी टाकली आहे : हातातल्या फिल्मवर मुलांची अशी चित्रं उमटली तर त्यांनी जवळच्या पोलीस ठाण्याला कळवलं पाहिजे. डार्करूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला कायद्याने साक्षीदार मानल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइनही याच काळातली.

देशभरासाठीचा कायदा म्हणजे पॉक्सो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याच्या १९ व्या कलमाने कळवण्याचं कर्तव्य फक्त डॉक्टरवर नव्हे, प्रत्येक माणसावर टाकलं. गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची आशंका असेल, तर विशेष बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण. न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. ३९ व्या कलमातली ती यादी निदान एका बाबतीत मागे पडली. मात्र बारीक वाचलं तर कायद्यात आशंका आहे ती पुढे घडू शकणाऱ्या गुन्ह्याची. घडून गेलेल्यासाठी शब्द आहे 'माहिती'. अमेरिकी कायद्याने नेमका इथेच 'संशय' ठेवला होता.

या शब्दावरून काय होतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या प्रकरणात दिसलं. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रकार समजलेला असूनही त्यांनी कळवला नाही, असा आरोप ठेवून गुन्हा नोंदवला गेला. त्यांना माहिती असल्याचा पुरावा नाही, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला : मुलींचे जबाब असताना सुरुवातीलाच खटला मोडीत काढता येणार नाही, आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. २०१३ मध्येही महाराष्ट्रातल्याच एका खटल्याच्या निमित्ताने या न्यायालयाने पाहून गप्प बसणाऱ्यांबद्दल व्यथा व्यक्त केली होती.

दुसरीकडे प्लेगच्या माळ्यासारखी एक जागा याही कायद्यात तयार झाली. अठरा वर्षांखालचा कोणताही संबंध गुन्हा, त्यामुळे मर्जीने जवळ आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला दिवस गेले तरी डॉक्टरने कळवायचं. पोलीस नकोत म्हणून मुली डॉक्टरकडे येईनात, आणि भलत्याच हातांत सापडू लागल्या. २९ सप्टेंबर २०२२ च्या गर्भपातविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली : मुलीची आणि पालकांची विनंती असेल, तर डॉक्टरने तक्रारीत तिची ओळख सांगायची गरज नाही. कळवणंही राहिलं आणि गुपितही राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच डॉक्टरला ही युक्ती सुचली नव्हती.

आणि तरी केंप यांचं मूल आपल्याकडे अजून कायद्याच्या बाहेर आहे. पॉक्सो लैंगिक गुन्ह्यांपुरता. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ७५ वं कलम मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देतं, पण पाहणाऱ्याने कळवलंच पाहिजे असं पॉक्सोसारखं बंधन घालत नाही. त्यातलं सक्तीने कळवण्याचं कलम हरवलेल्या, टाकून दिलेल्या, निराधार मुलांसाठी आहे. मोठ्या इस्पितळात डॉक्टरला शंका आली तर तो मेडिकोलीगल नोंद करतो, पोलीस चौकी आवारातच असते. तालुक्याच्या गावातल्या खासगी क्ष-किरण केंद्रात असं काही नसतं. तिथे तंत्रज्ञ फिल्म काढतो. निदान लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या ठिकाणी बसून संगणकावर ती पाहतात आणि अहवाल पाठवतात. आठ महिन्यांच्या मुलाच्या हाडांत वेगवेगळ्या काळातले तीन अस्थिभंग दिसले, तर त्यात काय लिहिलेलं असतं हे या व्यवसायातल्या कोणालाही ठाऊक आहे : अनेक अस्थिभंग, भरून येण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर, क्लिनिकल कोरिलेशन करावं. म्हणजे बाकीचा विचार मूल पाठवणाऱ्या डॉक्टरांनी करायचा. कॅफी १९४६ मध्ये जिथे थांबले, साधारण तिथेच हा अहवाल थांबतो. मग तो छापून, फिल्मसोबत खाकी पाकिटात घालून, मुलाला कडेवर घेऊन आलेल्या माणसाच्याच हातात दिला जातो.